किलिमांजारो चढायला जाताना काय धरून चालावे?



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांबद्दल वाचता. या अंकात वाट थोडी वेगळी धरली आहे. कारण असे की, अलीकडे गटाच्या बैठका संपल्या की दोन-चार पोरं मागं रेंगाळतात आणि विचारतात, "साहेब, आफ्रिकेतला तो किलिमांजारो तुम्ही चढून आलात म्हणे. आम्हाला जमंल का? जिवाला धोका हाय का?" कधी वडीलच पोराला घेऊन येतात आणि म्हणतात, "ह्याला जरा समजावून सांगा." जा म्हणून समजवायचे की नको म्हणून, ते मात्र सांगत नाहीत! तेव्हा प्रत्येकाला बांधावर उभे राहून सांगण्यापेक्षा एकदाच सगळे लिहून काढलेले बरे.

माझे मेहुणे पूर्व आफ्रिकेतील एका साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. आपल्या भागातले कितीतरी केमिस्ट, इंजिनिअर आणि पॅनमन तिकडच्या कारखान्यांत नोकरीला आहेत, हे आपण जाणताच. त्यांच्या आग्रहाने मी गेलो, डोंगर चढलो आणि धडधाकट परत आलो. मी गिर्यारोहक नाही. शिक्षण शेतकी पदविकेचे आणि कामधंदा उसाच्या सरीतून चालण्याचा. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते आपल्यासारख्या सामान्य माणसाच्या उपयोगाचे आहे असे समजावे.

डोंगर आहे तरी केवढा?

किलिमांजारो टांझानिया देशात, केनियाच्या सरहद्दीजवळ आहे. आफ्रिका खंडातील हे सर्वांत उंच शिखर. उंची ५,८९५ मीटर, म्हणजे १९,३४१ फूट. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. एकावर एक साडेतीन कळसूबाई रचल्या म्हणजे किलिमांजारो होतो. मारंगू गावाकडून चढायचे म्हटले तर ज्या फाटकातून वाट सुरू होते, ते फाटकच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर आहे.

हा मुळात ज्वालामुखी आहे. त्याला तीन माथे: शिरा, मावेंझी आणि किबो. शिरा झिजून सपाट झाला आहे. मावेंझी ५,१४९ मीटर उंच, सुळक्यांचा आणि अवघड. तिकडे सामान्य माणसाने जाऊ नये. आपण चढतो तो किबो. त्याच्या विवराच्या काठावरचा सर्वांत उंच बिंदू म्हणजे उहुरू शिखर. 'उहुरू' म्हणजे स्वातंत्र्य. जर्मन अमलात या शिखराला त्यांच्या बादशहाचे नाव होते. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला, तेव्हा अलेक्झांडर न्यिरेंडा या सैनिकी अधिकाऱ्याने शिखरावर नव्या देशाचा झेंडा रोवला आणि मशाल पेटविली. आपल्याकडची पोरं तिथे तिरंगा घेऊन जातात तेव्हा ही गोष्ट त्यांना ठाऊक असावी. ती भूमी आपल्यासारखीच पारतंत्र्यातून सुटलेली आहे.

शिखरावर पहिल्यांदा पोहोचल्याची नोंद ६ ऑक्टोबर १८८९ ची आहे. हान्स मायर हे जर्मन आणि लुडविग पुर्टशेलर हे ऑस्ट्रियन. मायर यांचे आधीचे प्रयत्न फसले होते. या खेपेला त्यांनी वाटेत तळ ठोकले आणि हमालांकरवी खालून अन्न वर पोचत राहील अशी सोय केली, म्हणजे एकदा माघार घ्यावी लागली तरी पुन्हा चढता यावे. नुसत्या हिमतीने डोंगर हटला नाही, नियोजनाने हटला. हे लक्षात ठेवावे.

पायथ्याशी आपल्यासारखेच शेतकरी

डोंगराखाली मोशी नावाचे गाव आहे. तिथून वर चढू लागले की केळी आणि कॉफीच्या बागा लागतात. हे चागा लोकांचे मुलूख. घराभोवतीच बाग, वर केळीची सावली, खाली कॉफी, त्याखाली घेवडा आणि भाजीपाला. गोठ्यातले शेण बागेत आणि बागेतला पाला गोठ्यात. आपण आंतरपिकावर व्याख्याने देतो, हे लोक ते पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत.

त्यांचे पाण्याचे कामही पाहण्यासारखे. डोंगरातल्या ओढ्यांना वरच्या अंगाला अडवून, उताराच्या कडेकडेने पाट खोदत पाणी बागेपर्यंत आणलेले. पाटाची दुरुस्ती सगळ्यांनी मिळून करायची आणि पाणी पाळीने घ्यायचे. आपल्या धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे परके वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट सभासदांनी मुद्दाम ऐकण्यासारखी. मोशीला कॉफी उत्पादकांचा सहकारी संघ आहे, किलिमांजारो नेटिव्ह को-ऑपरेटिव्ह युनियन. स्थापना १९३३ ची. म्हणजे प्रवरानगरच्या कारखान्याच्याही आधीची. इंग्रजी अमदानीत, आपला माल आपणच विकायचा, या हट्टातून तो उभा राहिला. १९७६ मध्ये तिथल्या सरकारने देशातले सगळे सहकारी संघ बरखास्त केले आणि कॉफीची खरेदी सरकारी यंत्रणेकडे गेली. पुढे १९८० च्या दशकात संघ पुन्हा उभा राहिला. सहकार एकदा मोडला तरी सभासदांच्या मनात टिकला तर परत उगवतो, खोडव्यासारखा. पण मुळं जिवंत राहिली पाहिजेत.

मोशीच्या दक्षिणेला सपाटीवर उसाचा मोठा मळा आणि साखर कारखाना आहे. डेन्मार्कच्या ए. पी. मोलर या जहाजवाल्या उद्योगपतींनी तो १९३० मध्ये सुरू केला. तिथे पाऊस कमी, म्हणून ऊस बागायती. मालकी मात्र कंपनीची, आपल्यासारखी शेअरवाल्या शेतकऱ्यांची नाही. एका अंगाला शेतकऱ्यांचा कॉफी संघ आणि दुसऱ्या अंगाला कंपनीचा ऊसमळा, डोंगर मात्र दोघांना पाणी देतो.

हे पाणी शिखरावरच्या बर्फातून येते असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. डोंगराच्या कमरेला घनदाट जंगलाचा पट्टा आहे. सर्वांत जास्त पाऊस तिथे पडतो आणि तोच पट्टा पाणी धरून ठेवतो. नद्यांत बर्फाच्या वितळण्याचा वाटा थोडा. बर्फ तर झपाट्याने आटत चालले आहे. १९१२ मध्ये जेवढे बर्फ होते त्यातले ८५ टक्के २००७ पर्यंत संपले होते, आणि त्यानंतरही ते कमीच होत गेले. पण तिथल्या शेतकऱ्याचे खरे पोट जंगलावर आहे, आणि वणव्यांनी जंगलाची वरची हद्द खाली सरकत आली आहे. पाणलोटात झाड राहिले तर विहिरीत पाणी राहते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

केव्हा जावे?

तिकडे पावसाचे दोन हंगाम. मोठा पाऊस मार्च अखेरपासून मे पर्यंत, आणि लहान पाऊस नोव्हेंबरच्या सुमारास. जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जून ते ऑक्टोबर हे दिवस कोरडे, म्हणून चढाईला चांगले.

आता आपल्या शेतीशी मेळ घाला. जानेवारी-फेब्रुवारीत आपली तोड चालू असते, तेव्हा शेतकऱ्याला घर सोडवत नाही. जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत आडसालीची लागण. उरतो सप्टेंबर. आडसाली मार्गी लागलेली, पूर्वहंगामी लागणीला अजून वेळ आणि गळीत हंगाम सुरू व्हायचा. ऊसवाल्याला सप्टेंबरसारखा महिना नाही.

वाटा आणि दिवस

शिखराकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत. मारंगू, माचामे, लेमोशो, रोंगाई या त्यांतल्या मुख्य. मारंगूच्या वाटेवर मुक्कामाला लाकडी झोपड्या आहेत, बाकीच्या वाटांवर तंबू. वाटाड्या बरोबर घेतल्याशिवाय डोंगरावर जाता येत नाही. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि दर दिवसाची फी भरावी लागते.

खरी मेख इथेच आहे. दिवस वाढला की खर्च वाढतो. म्हणून माणूस कमी दिवसांचा, स्वस्तातला कार्यक्रम शोधतो. मारंगूचा पाच दिवसांचा कार्यक्रम सर्रास विकला जातो. सहा दिवसांचा घेतला तर मधल्या मुक्कामी एक दिवस विश्रांती मिळते. माचामेला सात आणि लेमोशोला आठ दिवस मिळाले तर उत्तम.

कोवळा ऊस तोडला तर वजन मिळेल, उतारा मिळत नाही. डोंगरावरही तसेच. दोन दिवसांचे पैसे वाचवले आणि शिखर हुकले, तर सगळाच खर्च पाण्यात. आणि शिखर हुकले तर एक वेळ चालेल, जीव हुकला तर काय?

रोज काय दिसते?

आम्ही मारंगूच्या वाटेने, सहा दिवसांच्या कार्यक्रमाने गेलो. पहिल्या दिवशी सुमारे ८ किलोमीटर जंगलातून चाल. झाडांवर शेवाळाच्या जटा लोंबतात, वाट ओली, माकडे पुष्कळ. मुक्काम मांडारा, २,७२० मीटर. इतपत माणूस हसतखेळत जातो आणि इथेच फसतो. त्याला वाटते, एवढेच असेल तर काय!

दुसऱ्या दिवशी जंगल एकदम सरते आणि कमरेएवढ्या झुडपांचे माळरान लागते. सुमारे ११-१२ किलोमीटर. मुक्काम होरोंबो, ३,७२० मीटर. इथे मोठमोठी विचित्र झाडे आहेत. जाड खोड, वर पानांचा गड्डा आणि वाळलेली पाने खोडालाच चिकटलेली. आपण उसाचे पाचट काढतो, पण हे झाड आपले पाचट मुद्दाम अंगावर ठेवते. रात्रीच्या गारठ्यात तेच त्याचे घोंगडे. निसर्गाने कुठे काय ठेवावे आणि कुठे काय काढावे, याचा विचार केलेला असतो.

तिसरा दिवस होरोंबोलाच. त्या दिवशी वर ४,००० मीटरच्या आसपास काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खडकांपर्यंत चढून जायचे आणि झोपायला परत खाली यायचे. उंच चढावे, खाली झोपावे, हा डोंगराचा मूळ नियम.

चौथ्या दिवशी सुमारे १० किलोमीटर. मावेंझी आणि किबो यांच्यामध्ये एक अफाट ओसाड पठार आहे. गवताची काडी नाही, पाणी नाही, नुसता वारा. मुक्काम किबो, ४,७२० मीटर. तिथे पोहोचेपर्यंत बोलघेवडा माणूससुद्धा गप्प झालेला असतो.

दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. मोशीत घाम पुसणारा माणूस चार-पाच दिवसांत गोठणाऱ्या थंडीत जाऊन पोहोचतो. खाली आंबा पिकतो आणि वर बर्फ, एवढे हवामान एका डोंगरात भरलेले आहे.

विरळ हवा: खरा शत्रू

आता मुख्य मुद्दा. किलिमांजारोला दोर लागत नाही, कडा चढावा लागत नाही. चालता येणारा माणूस तिथे जाऊ शकतो. मग माणसे परत का फिरतात? हवेमुळे.

हवेत प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे तेच असते, पण उंचावर हवेचा दाब कमी होतो. शिखरावर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. म्हणजे एका श्वासात प्राणवायू निम्माच मिळतो. आपल्या विहिरीवरची मोटर कमी व्होल्टेजवर चालवली तर काय होते? घरघरते, पाणी कमी फेकते, आणि जबरदस्ती केली तर जळते. शरीराचेही तेच.

यावर उपाय एकच, शरीराला वेळ देणे. रोपवाटिकेतले एक डोळ्याचे रोप आपण शेडनेटमधून काढून थेट उन्हात लावीत नाही, आधी हळूहळू उन्हाची सवय करतो. तसेच शरीर कणखर करावे लागते. डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा आहे की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. आता वरचे आकडे पुन्हा पाहा. २,७२०, ३,७२०, ४,७२०. रोज हजार मीटर! म्हणजे नेहमीचा कार्यक्रमच नियमापेक्षा घाईचा. म्हणून जादा दिवस हा चैनीचा नाही, गरजेचा आहे.

उंचीचा त्रास कसा ओळखावा? डोके दुखते, मळमळते, भूक जाते, झोप लागत नाही, चक्कर येते. थोडाफार त्रास बहुतेकांना होतो. असे झाले तर आणखी वर जाऊ नये, तिथेच थांबावे आणि बरे वाटले तरच पुढे जावे. कमी झाले नाही तर खाली यावे.

पण दोन प्रकार जीवघेणे आहेत, ते घरच्यांनीही पाठ करून ठेवावेत. एक, मेंदूला सूज येते. माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो. त्याला टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगावे. चालता आले नाही तर समजून जावे. दुसरा, फुप्फुसात पाणी होते. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, थुंकीला फेस किंवा तांबूसपणा येतो. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असो, पाऊस असो, त्या क्षणी माणसाला खाली उतरवायचे. औषध, प्राणवायूची नळकांडी सगळे खरे, पण उतरणे हा पहिला उपाय.

अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी, जिला बाजारात डायमॉक्स म्हणतात, पुष्कळ लोक घेतात. तिचा उपयोग होतो. पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधे ज्यांना सोसत नाहीत त्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, सिकलसेल यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग तिकीट. डोंगरावर दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. बिडी-सिगारेटवाल्यांनी काय ते समजावे.

आणखी एक. तालीम केलेला, पैलवान गडी आहे म्हणून उंचीचा त्रास होणार नाही असे मुळीच नाही. उलट असा गडीच रेटून नेतो. आमचे मेहुणे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण, व्यायामाचे शरीर. पहिले दोन दिवस ते सगळ्यांच्या पुढे. मी मागून वाटाड्याच्या पावलावर पाऊल टाकीत. वाटाडे दिवसभर एकच शब्द घोकतात, "पोले, पोले". म्हणजे सावकाश, सावकाश.

शिखराची रात्र

किबोच्या मुक्कामी संध्याकाळी जेवून झोपायचे, पण झोप कसली येते! मध्यरात्रीच्या सुमारास उठवतात आणि डोक्याला टॉर्च बांधून चढण सुरू होते. एका रात्रीत जवळजवळ १,२०० मीटर. वाट म्हणजे सुट्या मुरुमाचा उतार. दोन पावले वर टाकावीत तर एक मागे घसरते. रात्रीच निघण्याचे एक कारण हेच की थंडीने हा मुरूम थोडा घट्ट झालेला असतो. शिवाय सकाळी शिखर गाठून दिवसाउजेडी खाली यायला वेळ हवा.

थंडी शून्याच्या खाली १०-१५ अंश, कधी त्याहून जास्त. वर वारा. बाटलीतले पाणी गोठते, म्हणून बाटली उलटी ठेवावी. बर्फ वरच्या बाजूला आधी धरतो, तोंड मोकळे राहते. टॉर्चचे सेल थंडीने बसतात, ते अंगाशी ठेवावेत.

पाच हजार मीटरच्या जरा वर मेहुण्यांना उलट्या सुरू झाल्या. त्यांचा पाय सरळ पडेना. वाटाड्याने एकदाच त्यांच्या तोंडावर उजेड मारून पाहिले आणि दुसऱ्या वाटाड्याबरोबर त्यांना खाली धाडले. ते म्हणत होते, "एवढं आलोय, थोडंच राहिलंय." वाटाड्याने ऐकले नाही, आणि त्याने ऐकले नाही म्हणूनच ते आज आमच्यात आहेत. होरोंबोला उतरेपर्यंत ते पुन्हा नेहमीसारखे बोलायला लागले होते.

मी पुढे गेलो. दहा पावले चालायचे, थांबायचे, श्वास घ्यायचा. विवराच्या काठावर गिलमन्स पॉइंट येतो, सुमारे ५,६८५ मीटर. पुष्कळांना वाटते पोहोचलो. पण उहुरू तिथून आणखी दीड-दोन तास, काठाकाठाने. उजाडताना खाली ढगांचा समुद्र, एका बाजूला मावेंझीचे सुळके आणि डावीकडे बर्फाच्या निळसर भिंती. शिखरावर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू देत नाहीत, आणि थांबवतही नाही. त्याच दिवशी होरोंबोपर्यंत, म्हणजे २,००० मीटरहून जास्त खाली उतरायचे असते. चढताना फुप्फुसे बोलतात, उतरताना गुडघे.

ओझे कोण वाहते?

आपण पाठीवर पाच-सहा किलोची पिशवी घेऊन चढतो. बाकीचे अन्न, भांडी, अंथरूण-पांघरूण, तंबू असतील तर तेही, सगळे हमालांच्या डोक्यावर आणि पाठीवर. एका हमालाला २० किलोपेक्षा जास्त ओझे देऊ नये असा दंडक आहे आणि फाटकावर वजन होते. आपल्या आधी निघून, आपल्या आधी पोहोचून ते चहा तयार ठेवतात. त्यांतले पुष्कळ चागा शेतकऱ्यांची मुले. कॉफीच्या पैशात भागत नाही म्हणून डोंगर चढतात.

ऊसतोड मजुरांची गाडी फडात उतरताना आपण दरवर्षी पाहतो. कोण किती उचलतो, किती पोटात जाते आणि मधल्या मुकादमाच्या हातात किती राहते, हा हिशेब आपल्याला नवा नाही. डोंगरावरही तोच प्रश्न आहे. जो फार स्वस्तात नेतो म्हणतो, तो कुठून तरी काढणारच; आणि तो बहुधा हमालाच्या पोटावर पाय देऊनच काढतो. तेव्हा कंपनी ठरविताना विचारावे: हमालाला मजुरी किती, जेवण किती वेळा, झोपायला तंबू आहे का, थंडीचे कपडे आहेत का? उत्तर द्यायला जो कचरतो त्याच्याकडे जाऊ नये. शेवटच्या दिवशी बक्षिसी देण्याची रीत आहे, ती खर्चात आधीच धरावी आणि शक्यतो ज्याच्या त्याच्या हातात द्यावी.

पहिल्या चढाईच्या इतिहासातही हमाल आणि वाटाडे मागेच राहिले. मारंगूचे चागा वाटाडे योहानी लाउवो यांचा गौरव व्हायला १९८९ चा शताब्दी सोहळा यावा लागला.

तयारी आणि सामान

निघण्यापूर्वी तीन-चार महिने रोज चालावे. आठवड्यातून एकदा पाठीवर सहा-सात किलो घेऊन जवळचा गड चढावा आणि उतरावा. कळसूबाई, राजगड यांच्यासारखी तालीम नाही. बुटांचे एक सांगतो: नवा जोडा घेऊन थेट डोंगरावर जाऊ नये. जोडा काय चावायचा तो इथेच, आपल्या बांधावर चावू द्यावा.

कपडे कांद्याच्या पापुद्र्यासारखे, एकावर एक. आत घाम शोषून लवकर वाळणारे, मध्ये उबदार, वर वारा-पाऊस अडवणारे. सुती बनियन ओले झाले की गारठवते. कानटोपी, जाड हातमोजे, काळा चष्मा, ओठांना आणि चेहऱ्याला मलम. वर ऊन फार कडक लागते. पाणी दिवसाला तीन-चार लिटर प्यावे, तहान लागो न लागो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, म्हणून सामान कापडी पिशव्यांत बांधावे.

जेवणात भात, भाजी, सूप, मक्याची उगाली, फळे मिळतात. शाकाहारी असाल तर आधी कळवावे. उंचावर भूक मरते, पण चार घास पोटात गेलेच पाहिजेत. खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि गूळ जवळ ठेवावा. साखर कारखान्याच्या माणसाने गुळाची तारीफ करू नये, पण त्या रात्री खिशातल्या गुळाच्या खड्यानेच मला वर नेले. तिकडे साखरेला 'सुकारी' म्हणतात. आपली शर्करा अरबांच्या गलबतांतून तिथे जाऊन सुकारी झाली. चहाला चाय, पोळीला चपाती आणि लाखाला लाकी, हेही तिथे ऐकू येते. परका मुलूख वाटत नाही.

मोशीत मलेरिया आहे, त्याची आणि पीतज्वराच्या लसीची चौकशी निघण्याआधी करावी. विमा उतरविताना किती उंचीपर्यंत तो लागू आहे हे नीट वाचावे. साध्या प्रवासी विम्यात एवढी उंची बसेलच असे नाही.

शेवटी एवढेच

कर्ज काढून कोणी जाऊ नये. डोंगर कुठे पळून जात नाही; पीककर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. ज्याच्याकडे पैसा, वेळ आणि तब्येत आहे त्याने जरूर जावे. मुलगेच नव्हेत, मुलींनीही जावे. आपल्या राज्यातल्या कितीतरी मुली हा डोंगर चढून आल्या आहेत.

आणि ज्या आई-बापांची पोरं हट्ट धरून बसली आहेत त्यांनी पोराला एकच अट घालावी: "वाटाड्या फिर म्हणाला की फिरायचं." एवढे कबूल करून घेतले म्हणजे निम्मी काळजी मिटली. शिखर गाठणाऱ्याचा सत्कार गावात होतोच. वेळीच माघारी फिरलेल्याचाही व्हावा. आमच्या मेहुण्यांसाठी आम्ही घरी पुरणपोळी केली होती, माझ्यासाठी नव्हे.

अधिक माहिती हवी असेल त्यांनी गट कार्यालयात बुधवारी दुपारनंतर भेटावे. येताना माती परीक्षणाचा नमुनाही आणावा, म्हणजे एका खेपेत दोन कामे होतील.

आपला,
ऊस विकास अधिकारी